पंधरा ऑगस्टची हजेरी

पॅडवरची शाई ओली होती.

पत्र्याची ती चपटी डबी उघडून प्रियदर्शनीनं सहज बोट टेकवलं, बोट जांभळं झालं, आणि तिला आधी नुसतं आश्चर्य वाटलं — वडिलांना, अण्णांना, जाऊन पंधरा दिवस झाले, त्यांची पोलीस पाटीलकी सुटून नऊ वर्षं, मग या पॅडवर ताजी शाई कुणी ओतली? ट्रंकेत शेजारीच बाटली होती. बुचाभोवतीचा ओघळ अजून चिकट. म्हणजे अण्णांनीच. छातीत दुखायला लागण्याच्या थोडं आधी, जुलैत कधीतरी, त्यांनी कशाची तरी तयारी करून ठेवली होती.

उद्या तिला औरंगाबादला परतायचं होतं. जमिनीच्या वारसनोंदीला लागणारे जुने कागद तेवढे सापडले की ट्रंक बंद करायची, असं ठरवून ती बसली होती. शाळेतून ध्वनिक्षेपकावर देशभक्तीची गाणी सुरू झाली होती. झेंडावंदनाला अजून तासभर होता.

पॅडखाली एक लांबट वही होती, लाल कापडात बांधलेली. पहिली पानं उर्दूत, आजोबांच्या वेळची, निजामाच्या अमलातली. मग अण्णांचं सरळ, सावकाश अक्षर. तांड्यावरच्या पुरुषांची नावं: थावरा सेवा. वसराम सेवा. देवला... प्रत्येक नावापुढे अंगठा, प्रत्येक अंगठ्यापुढे ‘हजर’. आधी दर सोमवारी. पुढे पुढे वर्षातून दोनदाच, सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्ट. शेवटचं पान याच वर्षीचं होतं, सव्वीस जानेवारी २००१. त्यावर एकच नाव उरलं होतं. थावरा सेवा, हजर.

ती वीस वर्षं राज्यशास्त्र शिकवत होती. हुकूमशाहीवरचा तिचा तास मुलांना आवडायचा — सत्ता आधी लोकांना चोर दाखवते, मग दाराला आतून कडी लावणाऱ्या सगळ्यांना सांगते की तुम्ही एक आहात, हाच तुमचा देश आहे, आणि त्याचे राखणदार आम्ही... हे ती फळ्यावर लिहायची आणि उदाहरणं द्यायची ती दूरची, समुद्रापलीकडची. याच तासाला जाता जाता ती एक साल सांगायची. बावन्न. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना स्वतंत्र देशानं मोकळं केल्याचं साल. मुलं ते लिहून घ्यायची. ती पुढच्या मुद्द्याकडे वळायची.

वहीत घडी घातलेलं एक छापील पत्र होतं, परभणीहून आलेलं. सदरहू कायदा रद्द झाला असून यापुढे अशा इसमांची हजेरी घेऊ नये... खाली तारीख, त्रेपन्न सालची. त्याखाली अण्णांची सही, अजून विशीतल्या हाताची, तरीही तीच — वाचून समजले. किसनराव.

समजले.

या शब्दाकडे ती बघतच राहिली. कुणी चुकून केलं असतं, कुणाला कळलंच नसतं तर... पण अण्णा कागद न वाचता सही करणाऱ्यातले नव्हते. तिलाही त्यांनी तेच शिकवलं होतं.

पानं उलटताना तिला झेंडावंदन आठवलं. चावडीपुढचं, साठच्या आसपासचं. अण्णा भाषण करायचे, देश म्हणजे आपण सगळे, आपण जागे राहिलो तर देश सुरक्षित — आणि ती इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये कागदी झेंडा धरून पहिल्या रांगेत. उजवीकडे भिंतीच्या सावलीला तांड्यावरची माणसं उकिडवी बसलेली असायची. गाणं झालं की मुलं खाऊ घ्यायला धावायची आणि ती माणसं उठून एकेक करत टेबलाकडे जायची. तिला वाटायचं, मोठ्यांचा खाऊ तिथे मिळतो.

अडुसष्ट सालच्या पानावर, शेऱ्याच्या रकान्यात, लिहिलं होतं — ‘थावरा सेवा याने भाऊ वसराम याच्या मातीस उमरखेडला जाण्याची परवानगी मागितली. गावात चोरी झालेली असल्याने दिली नाही.’

तिच्यासाठी अण्णांची माती पाच तास थांबवली होती. औरंगाबादची गाडी वाटेत बिघडली, तरी सगळं गाव ताटकळत बसून राहिलं होतं.

“काय बघून राहिलीस एवढं?” आई, द्वारकाबाई, दारात उभी होती. “तांड्याची वही हाय ती. ठेव तिथंच.”

“आई, हा कायदा बावन्न सालीच गेला होता.”

“गेला आसंल. गावाचं भेव कुठं गेलं व्हतं?” आई खाली बसली. “तू शिकलेली, तुला उलटं दिसंल. पन कुठं काही गेलं की शिपाई पयले तांड्यावर जायचे. तुझे अण्णा म्हणायचे, ह्यो बघा अंगठा, मानूस गावातच व्हता. किती जनं सुटले त्याच्यानं.”

“आणि ज्याला जायचं होतं तो?”

आईनं पदरानं बोटांमधला कसलासा चिकटपणा पुसला.

आणि तेवढ्यात ओसरीवर काठी वाजली. दोघी बाहेर आल्या, आई भिंतीला टेकून बसली.

थावरा आला होता. ऐंशीला टेकलेला, धुवट धोतर, डोक्याला नवा पांढरा फेटा. मागे त्याची बायको रूपाबाई, हातभर बांगड्या, कपाळावर हात धरून उन्हातून आत बघत.

“पाटलीनबाई, उशीर झाला,” थावरा म्हणाला. “गुडघे साथ देत न्हाईत.”

“मी म्हनलं याला,” रूपाबाई खांबाला टेकत म्हणाली, “पाटील गेले, आता कोन मोजते तुला? घरी बस. चार दात उरले तोंडात, पन सरकारला अजून याचंच भेव!”

“गप गं.”

“काहून गप? बकरी कापायची म्हनलं तरी सुरी मला धरा लागते, अन् ह्यो म्हने दरोडेखोर.”

आई हसली. रूपाबाईही हसली. दोघी इतक्या सहज हसल्या की प्रियदर्शनीला धक्काच बसला. हा विनोद या ओसरीवर कितीतरी वर्षं होत आला असणार.

थावरानं तिच्याकडे पाहिलं. “ताई, पाटलाच्या मागं कागद तुमच्याकडं आला व्हय? मंग तुमीच घ्या अंगठा. झेंडा चढायच्या आत दिलेला बरा.”

“झेंड्याचा काय संबंध?” तिनं विचारलं.

“घ्या!” तो म्हणाला, लहान मुलाला समजवावं तसा. “झेंडा त्याच्यासाठीच तं लावतेत. सारे हायत का न्हाई, बघायला. शाळंतले पोरं पन हजेरी देतेतच की.”

गाणी थांबली होती. मास्तर माइकवर एक-दोन-तीन म्हणत होते. तिला त्याला हाक मारून काहीतरी सांगायचं होतं आणि काय म्हणून हाक मारावी हेच तिला सुचेना. या गावात तिला प्रत्येक म्हातारा माणूस काका होता, मामा होता, आबा होता. थावरा मात्र नुसता थावरा.

“आता हजेरी लागत नाही,” ती म्हणाली. “बंद झाली.”

रूपाबाईचं हसू थांबलं. थावरानं काठी या हातातून त्या हातात घेतली. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचं काहीच नव्हतं. रस्त्यात हातातली पिशवी कुठे राहिली हे आठवणाऱ्या माणसासारखा तो दिसत होता.

“बंद? मंग चोरी झाली अन् आमच्यावर आलं, तं दाखवायचं काय?”

“काही दाखवावं लागत नाही. तुमचं कुठंही जाणं-येणं मोकळं आहे.”

“कुठंबी?”

“कुठंही.”

मग अगदी हळू, जणू उत्तर कुणा तिसऱ्याला जड जाणार आहे अशा बेतानं, त्यानं विचारलं, “कवापासून, ताई?”

आईनं तिच्याकडे पाहिलं. साल जिभेवर होतं, वीस वर्षं पाठ असलेलं. त्यासाठी आठवावंही लागत नव्हतं. ते उच्चारलं की सोळा वर्षं पुढचं अडुसष्ट येणार, उमरखेड येणार, आणि तो या ओसरीवर उभा राहून मोजणार...

“फार दिवस झाले,” ती म्हणाली.

आणि तिला आवाज ऐकू आला. समजूतदार, शांत, सगळ्यांच्या भल्याचा. तो तिचा नव्हता. असं कागद बाजूला सारून बोलणारा आवाज ती जन्मापासून ओळखत होती, त्याच्यावर तिनं प्रेम केलं होतं, पंधरा दिवस ती त्यासाठीच रडत होती.

“फार म्हंजी किती?” थावरा म्हणाला.

शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं. रूपाबाई खांबापासून सरकून ताठ झाली, थावरानं काठी पायाशी टेकून हात बाजूला सोडले, आई भिंतीचा आधार घेत उठली, आणि ती — तीही उभीच होती. चौघं एका ओसरीवर, एकाच गाण्यासाठी, गप्प. लहानपणी तिन्हीसांजेला आई कडी घालायची, तांड्याची माणसं हिंडतेत म्हणायची, त्या वेळची भीती आत्ता पुन्हा आली होती, भर उजेडात, या वाकलेल्या म्हाताऱ्यासमोर. तेव्हा वाटायचं, हा येईल आणि आपलं काहीतरी नेईल. आता तो समोर उभा होता, रिकाम्या हातांनी, नजर तिच्यावरून न हलवता. गाणं संपायची वाट बघत. आणि तिला वाटत होतं, ते संपू नये.