ढब्बूच्या वाटा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काकांना घराबाहेर पडायला बंदी केली, आणि ढब्बूला फिरवायचं काम काकूंच्या गळ्यात पडलं.

काकू घरीच शिवणकाम करायच्या. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीलगत कापडाचे गठ्ठे, आणि दारात कोणी ना कोणी माप द्यायला उभं. काकूंचं तोंड मशीनपेक्षा जोरात चालायचं. दातांत टाचण्या धरल्या तरी बोलणं काही थांबायचं नाही. काका नेमके उलटे. दिवसभर पंपघरातल्या घरघरीत काम करून आले की "हं", "बरं" आणि "चहा आहे का" एवढ्यावर त्यांचं भागायचं. ढब्बू त्यांनीच आणलेला. पंपघरामागे सापडलेलं, एक कान लोंबणारं कुत्र्याचं तपकिरी पिल्लू. "कापडाला केस लागतील," म्हणून काकूंनी तेव्हा चार दिवस अबोला धरला होता. काकांच्या तो लक्षातही आला नाही.

"कुठे न्यायचं याला?" पहिल्या दिवशी पट्टा हातात घेऊन काकूंनी विचारलं.

"त्याला ठाऊक आहे," काका पलंगावरून म्हणाले.

आणि खरंच ठाऊक होतं. कोपऱ्यावर पोचताच ढब्बूने काकूंना असं ओढलं की त्यांची एक चप्पल मागेच राहिली. दुकानांच्या मागून, गोदामाच्या भिंतीला वळसा घालून तो थेट कालव्यावर पोचला. दोन्ही बाजूंना उंच झाडं आणि मध्ये मऊ मातीची वाट. इतकी वर्षं याच गावात राहून काकूंनी कालवा फक्त पुलावरून पाहिला होता.

वाटेच्या कडेला एक रोपवाटिका होती. तिची मालकीण झारी खाली ठेवून पुढे आली. "अरे, ढब्बूशेठ! आणि आज बोलके काका कुठे?"

"कोण बोलके?" काकूंनी विचारलं.

"याचे मालक हो. रोज इथे बसून गप्पा मारतात. तुम्ही त्यांच्या शिवणवाल्या बाई ना? तुम्ही त्या नवरीचा झगा रात्रीत उसवून पुन्हा शिवलात, ते मी तीनदा ऐकलंय. दर वेळी थोडा जास्तच कठीण होतो तो झगा."

घरी आल्यावर काकांनी विचारलं, "कालव्यावर गेला?" त्या म्हणाल्या, "हं."

पुढचे दिवस ढब्बू नेईल तिकडे त्या जात राहिल्या. कधी बंद पडलेल्या खाणीवर, जिथे साठलेल्या हिरव्या पाण्यात तो पोटापर्यंत उतरायचा आणि बाहेर येऊन नेमका काकूंच्या शेजारी अंग झटकायचा. कधी पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीवर. तिथली पायवाट चढताना काकूंना धाप लागायची. ढब्बू वर जाऊन थांबायचा, मागे वळून बघायचा, आणि फारच उशीर होतोय असं वाटलं की खाली येऊन त्यांना घेऊन जायचा.

टेकडीच्या माथ्यावर दगडी बाक होता. तिथे एक निवृत्त नर्स रोज येऊन बसायच्या. ढब्बूने जाऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं, म्हणजे ओळख जुनी होती.

"झालं का ऑपरेशन नीट?" नर्सबाईंनी विचारलं. "फार घाबरले होते हो. मी सांगितलं, हल्ली अगदी साधं असतं ते. पण त्यांचं एकच, भूल दिल्यावर जाग नाही आली तर?"

काकू बाकावर बसल्या. दवाखान्यात जायच्या सकाळी त्यांनी काकांना विचारलं होतं, भीती वाटते का म्हणून. काकांनी नकारार्थी मान हलवली होती, आणि काकू पुढे शेजारणीच्या आजारपणाचं सांगत बसल्या होत्या.

"मला नाही बोलले," त्या म्हणाल्या.

"तुमची काळजी होती त्यांना. आणि याची." नर्सबाई ढब्बूचा कान चोळत होत्या. "म्हणायचे, ती याला वरवर रागावते, पण याच्या गोधडीला तिने दुहेरी शिलाई घातलीय."

त्या दिवशी काकू टेकडी उतरल्या त्या अगदी सावकाश. घरी येऊन त्यांनी काकांच्या पायाखालची उशी सारखी केली आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

काकांनी बराच विचार केला आणि विचारलं, "चहा आहे का?"

काका काठी घेऊन चालायला लागले, तेव्हा तिघं मिळून कालव्यावर गेली. काकूंनी मनाशी ठरवलं होतं, आज तोंड उघडायचं नाही. गोदाम मागे पडलं. ढब्बू पुढे पळाला, परत आला, पुन्हा पळाला. काकूंनी ओठ घट्ट मिटून धरले होते. जिभेच्या टोकावर चार विषय ताटकळत उभे होते.

"बरं नाही का तुला?" शेवटी काकांनी विचारलं.

"बरी आहे की."

"मग गप्प का?"

"म्हटलं, तुम्हाला जागा करून द्यावी. घरात मिळत नाही ना तुम्हाला."

काका थांबले. त्यांनी रोपवाटिकेकडे पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले. "सांगितलं वाटतं तिने."

"तिने झग्याचं सांगितलं. टेकडीवरच्या बाईंनी दुसरं."

काका काठीने माती उकरत उभे राहिले. ढब्बू येऊन दोघांच्या मधे बसला.

"वाटली होती भीती," काका म्हणाले. "दवाखान्यातल्या त्या ढकलगाडीवर आडवं पडल्यावर तर फारच. छताला एक डाग होता. मी म्हटलं, शेवटचं बघायला आपल्याला हा डाग मिळाला की काय." मग ते त्या डागाबद्दल, भूल देणाऱ्या डॉक्टरच्या गार हातांबद्दल आणि जाग आल्यावर आधी काकूंचाच आवाज कानावर पडला त्याबद्दल सांगत गेले. "नर्सला ओरडत होतीस तू. तेव्हा म्हटलं, आहोत आपण."

काकू हसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. "ओरडत नव्हते हो, चादर ओली होती म्हणून सांगत होते."

"तेच ते," काका म्हणाले, आणि पुन्हा चालायला लागताना त्यांनी ढब्बूचा पट्टा काकूंच्या हातात दिला.