हात न लावलेली तार

"एक तार सैल केलीस की बाकीच्या पाचांवर ताण चढतो. सूर बदलायचे असतील तेव्हा मला बोलव, एकटीनं उद्योग करू नकोस," गिटार हातात ठेवताना ताईनं बजावलं होतं. ताई वाद्यं दुरुस्त करायची, ही गिटारही तिनंच जुळवलेली.

धाकटीनं तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. "गिटार देतेयस की दवाखान्यातून पेशंट घरी सोडतेयस?"

पाच वर्षांनी, बाळ सात महिन्यांचं असताना, तिला ती गिटार आठवली. बाबा ताईकडे अंथरुणाला खिळून होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा आवाज फारच खाली उतरला होता, पण गुणगुणायचे. रविवारी त्यांच्या पट्टीत वाजवायचं, असं तिनं मनाशी ठरवलं. तेवढं तरी आपल्या हातून व्हावं. बाबांचं बाकी सगळं ताईच करत होती. धाकटीला बाळ, दादाची बदली झालेली, आणि ताई काय, खंबीर!

बाळाला शेजारच्या पाळण्यात ठेवून तिनं जाड तारांचे सूर उतरवायला घेतले. पहिली उतरवली, दुसरी उतरवली. वाजवून पाहिलं तर बारीक तारा आपोआप वर चढलेल्या. या गिटारीचा, तारांची खालची टोकं धरून ठेवणारा ब्रिज घट्ट बसवलेला नव्हता. पुढून तारा आणि मागून स्प्रिंग, दोघांच्या ओढाताणीत तो नुसता तोलून धरलेला. तारांचा जोर कमी झाला की स्प्रिंग त्याला मागे खेचणार आणि उरलेल्या तारा ताणल्या जाणार. हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं तिसरीही सैल केली.

फट्!

सगळ्यात बारीक, गंज चढलेली तार तुटून तिचं टोक बाळाच्या दुपट्यावर सपकन आपटलं. बाळ किंचाळलं. तिनं त्याला उचलून पापण्या, गाल, कान तपासले. पुन्हा तपासले. ओरखडासुद्धा नव्हता.

तिनं ताईला फोन लावून सगळं सांगितलं.

"तुटली ना? तुझे कान तेव्हा कुठं होते गं?" ताई हसली. "असू दे. मी मजेत आहे. रविवारी बघू."

फोन ठेवल्यावरही धाकटीला स्वस्थ बसवेना. तुटली ती नेमकी तिनं हातही न लावलेली. घरातही तिनं आणि दादानं अंग सैल सोडलं होतं, आणि सगळा ताण ताईवर. बाळाला पोटाशी बांधून, गिटार पाठीला अडकवून ती तशीच निघाली.

ताईच्या दारावर तिनं तीनदा बेल वाजवली. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन करपलं होतं, गॅस तसाच पेटलेला, आणि ओट्याला टेकून ताई उभ्या उभ्या झोपली होती.

तिनं आधी गॅस बंद केला. मग ताईच्या खांद्याला हात लावला.

"अगं, तू कशी आलीस? बाळाला उन्हाचं..." ताई दचकून सावरली. "आण ती गिटार इकडे."

ताईनं गिटारीचं मागचं झाकण उघडलं, स्प्रिंगजवळच्या फटीत लाकडाची चीप बसवायला घेतली. "ही नीट बसली की ब्रिज मागे जायचा नाही. मग हवी ती तार उतरव, बाकीच्यांना त्रास नाही." बोलता बोलता चीप निसटली. पुन्हा निसटली. वाद्यांवर वीस वर्षं फिरलेल्या त्या हातांना एवढीशी चीप बसवता येईना.

धाकटीनं चीप स्वतःकडे घेतली. "ताई, झोपलीस कधी?"

"बाबा रात्री चार-पाच वेळा उठवतात."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? 'ताई, बाबा कसे आहेत', एवढंच विचारतेस." आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

धाकटीनं बाळाला बाबांच्या कुशीत ठेवलं, ताईला आतल्या खोलीत निजवलं आणि फोन लावला. "दादा, या शनिवारपासून दर आठवड्याला दोन दिवस बाबांपाशी तू. दोन दिवस मी, बाळासकट. नाही, ताईला देत नाही फोन. ती झोपलीय."

चीप बसली. पाच तारांवरच तिनं बाबांची पट्टी लावली. बाबा गुणगुणले, बाळ त्यांची हनुवटी ओढत राहिलं, आणि ताई संध्याकाळपर्यंत कुशीवरही वळली नाही.

म्हणून धाकटीची तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जिच्याबद्दल सगळे म्हणतात, "ती घेईल सांभाळून." तिच्याकडे आज जाऊन या. फोन करू नका. फोनवर ती मजेतच असते.