बुकबाइंडरचे छत

आक्कांनी छतावर सौर पॅनेल बसवायचे ठरवले ते विजेसाठी नव्हे, ही गोष्ट त्यांच्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. भाचीला वाटले, आत्याला उशिरा का होईना, नव्या जमान्याचे वारे लागले. धाकट्या भावाला, म्हणजे भाचीच्या वडिलांना, बापूंना वाटले, शेजारणीच्या छतावर दिसले म्हणून हिलाही हवेत. आक्कांनी दोघांचाही गैरसमज सुखाने वाढू दिला.

खरे कारण बापू हेच होते. गेल्या हिवाळ्यात त्यांना भोवळ आली होती, तरी मागच्या अंगणातली लोखंडी शिडी चढून ते रोज सकाळी छतावर जात. विचारले तर म्हणत, हवा खायला जातो. आक्कांचे समजावून झाले, रागावून झाले, चांगला आठवडाभर अबोला धरून झाला. बापू सगळे मान खाली घालून ऐकत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिडीला हात घालत. जन्मभर पुस्तकांची बांधणी केलेला माणूस, वरून मऊ आणि आतून पुठ्ठा. अखेर आक्कांनी मनाशी पक्के केले की छतभर पॅनेल पसरून टाकायचे. पाय ठेवायला जागाच उरली नाही, तर चढून जाईल कुठे?

पाहणीसाठी कंपनीकडून एक तरुण इंजिनिअर मुलगी आली. तिने आल्या आल्या ‘आजी’ म्हटले आणि आक्कांनी तिला तिथल्या तिथे सरळ केले, की या घरात मला सगळे आक्का म्हणतात. मुलगी हसली, ‘बरं आक्का’ म्हणाली आणि आक्कांच्या मर्जीतून उतरता उतरता राहिली. मग तिचे प्रश्न सुरू झाले. घर कोणाच्या नावावर? दोघांच्या असेल तर दोघांचीही संमती लागेल. दक्षिणेकडचे शेजारी मजला चढवणार आहेत का? चढवला तर त्याची सावली पॅनेलवर पडेल, आणि सावलीत पॅनेल नुसते शोभेला उरतील. पाण्याची टाकी हलवता येईल का? आक्का या सगळ्यांची उत्तरे अशी देत होत्या, की जणू परीक्षा त्याच घेत आहेत.

“आणि छत गळतं का?”

“एक थेंब नाही,” आक्का म्हणाल्या.

“ठणठणीत आहे,” बापूही त्याच क्षणी म्हणाले.

भाचीने चमकून दोघांकडे पाहिले. या बहीणभावांचे चहात साखर किती यावरही कधी एकमत झालेले तिला आठवत नव्हते.

मुलगी शिडीने वर गेली. बराच वेळ तिच्या पावलांचा आवाज येत राहिला, मग थांबला. खाली आली तेव्हा तिचा चेहरा गोंधळलेला होता. वर जागोजागी भेगांवर डांबर लावले आहे, तिने सांगितले, आणि डांबराखाली कापडाच्या पट्ट्या आहेत, अगदी सरळ कापलेल्या, कडा दाबून बसवलेल्या. असे काम तिने कुठल्याही गवंड्याचे पाहिलेले नव्हते. आक्कांनी पाहिले होते. जुन्या शब्दकोशांच्या पाठीला बापू अशाच पट्ट्या लावत. हळूहळू त्यांच्या हेही ध्यानात आले, की ज्या पांढऱ्या चादरींसाठी त्यांनी इस्त्रीवाल्याला फैलावर घेतले होते, त्या गेल्या कुठे.

“हवा खात होतास?” त्यांनी विचारले.

बापूंनी खिडकीबाहेर पाहिले.

आता छत आतूनही पाहावे लागेल, असे मुलगी म्हणाली आणि कोठीच्या खोलीकडे वळली. आक्का तिच्याआधी दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. आत पसारा आहे, आवरलेले नाही, पाहुण्यांनी पाहण्यासारखे नाही. ज्या बाईच्या कोठीत डबेसुद्धा उंचीप्रमाणे उभे असत, तिच्या तोंडून हे ऐकून भाचीने हात पुढे करून दार उघडले. छताला ओलीचा मोठा डाग होता. त्याच्या बरोबर खाली, माळ्यावर, घरातली झाडून सगळी तसराळी, पातेली आणि एक बादली नीट मांडून ठेवलेली होती, आणि तळाशी जुना टॉवेल, थेंबांचा आवाज होऊ नये म्हणून.

“आक्का,” बापू म्हणाले, “तुला माहीत होतं?”

“तुला सांगितलं असतं तर तू डागडुजीला वर चढला असतास.”

“आणि तुला कळलं असतं तर तू हे घर सोडून आपल्या या पोरीकडे राहायला जाऊ म्हणाली असतीस.”

भाची दाराला टेकून आधी हसली, मग तिने डोळे पुसले, आणि मग दोघांनाही चार शब्द सुनावले. 

इंजिनिअर मुलीने पॅनेल यंदा बसवायला साफ नकार दिला. “पॅनेल एकदा बसले की खालचं छत कित्येक वर्षं विसरून जायचं असतं,” ती म्हणाली. “आधी ते विसरण्याजोगं करा. नाहीतर पुन्हा गळलं की सगळा सांगाडा उतरवावा लागेल.” छताची दुरुस्ती, मग वजनाची तपासणी, मग बाकीचे. आक्कांना तिचे हे तोंडावर सांगणे पटले, आणि म्हणूनच त्यांनी मनातली गोष्ट तिला बाजूला घेऊन विचारली. पॅनेल बसल्यावर वर कोणाला जावे तर लागणार नाही ना?

“जावं लागतं ना, आक्का. धूळ बसते. दर थोड्या दिवसांनी धुवावे लागतात.”

बापूंनी हे ऐकले. त्यांची छाती एवढी फुगलेली आक्कांनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. हळुवार हात लागेल, ते म्हणाले, काच आहे, कोणा ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हे.

आक्का खुर्चीत बसल्या. त्यांची सगळी योजना त्यांच्याच छतावरून खाली आली होती. समोर बापू भाचीला कोणते कापड चांगले ते सांगत होते, दोन्ही हात हवेत हलवत, काच पुसल्यासारखे. या माणसाला खाली बांधून ठेवायला त्या निघाल्या होत्या. त्यांनी बराच वेळ ते हात पाहिले.

मग त्यांनी मुलीला जवळ बोलावले आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. शिडी काढायची. तिथे पक्का जिना हवा, रुंद पायऱ्यांचा, दोन्ही बाजूंना कठडा. छताला कमरेएवढी भिंत. आणि पॅनेल छतभर नकोत, मध्ये दोन माणसे शेजारी उभी राहतील एवढी वाट सोडायची.

“दोन कशाला?” बापूंनी विचारले. “धुणार मी एकटाच.”

“पाण्याची नळी कोण धरणार?”

“म्हणजे वर येऊनही हुकूम सोडणार तू.”

“मग काय तुझी पाठ थोपटायला चढू?” आक्का म्हणाल्या, आणि पायऱ्यांची उंची त्यांच्या गुडघ्यांना झेपेल एवढी ठेवावी, हे त्यांनी मुलीला हळूच वेगळे सांगितले.