चिंचेची पळी आणि मनकर्णाचा पाय

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पळी आहे, आणि आधीच कबूल करते, मी मत्सरी आहे.

निजामाच्या अमलात, सेलूजवळच्या एका खेड्यात, लोहाराच्या ऐरणीवर माझा जन्म झाला. सिद्धम्मा आजींनी मला घरी नेलं, पण फोडणीसाठी नाही. त्या माझ्यात चिंचेचा कोळ आणि मीठ घालून चुलीवर रटरट शिजवत. कोळ दाट झाला आणि सोसवेल इतका निवला, की मुरगळलेल्या पायावर, मुका मार लागलेल्या हातावर, आखडलेल्या पाठीवर त्याचा लेप देत. सूज उतरे, ठणका थांबे. माणसं म्हणत, "आजी, तुमच्या पळीला गुण हाय." ते ऐकून मी फुलून जाई.

काम मात्र सोपं नव्हतं. चिंच लोखंड खाते. दर लेपामागे माझं अंग थोडं झिजे. म्हणून आजी मला लगेच राखेनं घासत, पुसत आणि वरून तेलाचं बोट फिरवत.

मग गावात मनकर्णा सून म्हणून आली. ती पायाळू, म्हणजे जन्मताना जिचे पाय आधी बाहेर आले अशी. अशा माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. पाहता पाहता तिच्या दाराशी रीघ लागली.

आश्रुबा सेलूच्या जिनिंगात रुईच्या गाठी उचलायचा. त्याच्या पाठीत उसण भरली. दोन दिवस आजींनी त्याला लेप दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो मनकर्णाकडे गेला, तिनं तीनदा पाय लावला, आणि दुपारी हा गडी ताठ उभा! गावभर सांगत सुटला, "मनकर्णाच्या पायानं मोकळा झालो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. झिजायचं मी आणि नाव त्या पायाचं! त्याचं काय झिजत होतं?

हळूहळू आजींकडे कुणी येईना. खुंटीवर टांगल्या टांगल्या मला गंज चढला. एके दिवशी आजी म्हणाल्या, "हिला उद्या लोहाराला देऊन टाकते. खुरपं तरी व्हईल." मी हादरले. पण भीतीपेक्षा राग मोठा होता, आणि तो सगळा त्या पायावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाच लंगडत, भिंत धरत आजींच्या दारात आली. विहिरीच्या पायरीवरून घसरली होती. घोटा टम्म सुजला होता. मला केवढा आनंद झाला! मनात म्हटलं, आता मार की स्वतःलाच लाथ.

"आजी, लय ठणकायलंय," ती म्हणाली.

आजींनी माझा गंज घासला आणि मला चुलीवर ठेवलं. "सारा गाव तुझ्या पायाला हात जोडतो, पोरी. अन् तू माझ्याकडं?"

मनकर्णा रडायलाच लागली. "मला जलम देतानाच माझी माय गेली, आजी. पाय आधी आले म्हनून. लोक ह्याच पायाला हात जोडतात, तवा मला त्यो लुगड्याखाली लपवावा वाटतो. आश्रुबादादा बी तुमच्या लेपानंच बरा झाला. मी सांगितलं, पर कुनी ऐकत न्हाई."

माझ्यात कोळ रटरटत होता आणि मला माझीच लाज वाटत होती. त्या पायाचं काय झिजतं, असं मी विचारत होते. त्यानं तर जन्मतानाच आई गमावली होती.

मला न्यायला आलेल्या लोहाराला आजींनी दारातूनच परत पाठवलं. चार दिवसांनी मनकर्णाची सूज उतरली, तेव्हा त्यांनी मला तिच्याच हातात दिलं. "लोक तुझ्याकडंच येतात, तर लेप बी तूच दे. पन चिंच हिच्या अंगावर वाळू देऊ नको."

आता मनकर्णा आधी लेप देते आणि लोकांच्या समाधानासाठी मग पाय लावते. बरा झालेला माणूस अजूनही पायाचंच नाव घेतो. खोटं कशाला सांगू, माझ्या पोटात अजून थोडं दुखतं.

पण मित्रांनो, तुमच्यासाठी जे झिजतं, त्याला काम झाल्यावर विसरू नका. मनकर्णा विसरत नाही. लोक गेले की ती मला घासते, पुसते, तेलाचं बोट फिरवते. आणि बोटाला उरलेलं तेल, पूर्वी लुगड्याखाली लपवायची त्या आपल्या पायाला चोळते.