मौलाचाचांच्या गाडीचा मागचा दिवा

मित्रांनो, मी एका मोटारसायकलचा जुना मागचा दिवा आहे. तळहातावर मावेन एवढा, लाल काचेचा. काच आपली म्हणायची, खरा मी प्लॅस्टिकचाच. आयुष्यभर मी फक्त मागे बघत आलो. गाडी कुठे चालली आहे हे मला कधी दिसलं नाही. मागून कोण येतंय, एवढंच मला ठाऊक.

कारखान्यात साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्यासारखे शेकडो दिवे रांगेत होते. तिथल्या एका ताईंनी मला उचलून उजेडासमोर धरलं, कुठे बुडबुडा राहिला नाही ना ते पाहिलं आणि पुढे ठेवलं. माझ्याकडे इतकं नीट बघणारं ते पहिलं माणूस. त्यांचं नाव मला कळलं नाही, पण मी त्यांना विसरलेलो नाही.

साताऱ्याच्या दुकानातून मला रहिमतपूरच्या पृथ्वीराजने घरी नेलं. पोरगा मनाचा चांगला, पण हौशी. आठ दिवसांत त्याने माझ्यावर काळी फिल्म चिकटवली. गाडी रुबाबदार दिसते म्हणून मित्रांनी त्याची पाठ थोपटली. मी आत जळत होतो आणि बाहेर कुणाला दिसत नव्हतो. दोन वर्षं अशी गेली. मग एका पावसाळी संध्याकाळी चौकात मागून दुधाचा टेम्पो आला आणि आम्हाला धडकला. टेम्पोवाल्याला पुढे गाडी आहे हेच दिसलं नव्हतं. पृथ्वीराजच्या मनगटावर निभावलं. त्याच्या वडिलांनी त्याच महिन्यात गाडी विकली.

ती घेतली वडूजच्या मौला अत्तारांनी. बांगड्या, कुंकू, दोरे, अत्तराच्या बाटल्या घेऊन ते गावोगावचे बाजार करतात. गाडी दारात लावल्यावर ते मागे आले, उकिडवे बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांची लेक अर्शिया तेव्हा सातवीत होती. तिने कोमट पाणी आणलं आणि नखांनी हळूहळू ती फिल्म सोलून काढली. त्या दिवशी मला पुन्हा आभाळ दिसलं. मित्रांनो, तुम्हाला कुणी दोन वर्षं डोळे बांधून ठेवलं आणि मग एका लहान मुलीने ते सोडले, तर कसं वाटेल?

तेव्हापासून गाडी काढण्याआधी चाचांचा हात माझ्यावरून फिरायचा. खांद्यावरच्या पंच्याने ते मला पुसायचे, ब्रेक दाबून मी उजळतो का ते अर्शियाला बघायला सांगायचे. वायर सैल झाली तर त्याच दिवशी साईराज मिस्त्रीकडे न्यायचे. गल्लीतले लोक त्यांच्या हळू चालवण्याची थट्टा करायचे. चाचा हसून सोडून द्यायचे.

आता त्या संध्याकाळचं सांगतो.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. शेजारच्या लीलाबाईंचा ऋषिराज सैन्यात आहे. त्याची रजा संपली होती आणि साताऱ्याहून रात्री सव्वाआठच्या रेल्वेगाडीने त्याला निघायचं होतं. मित्राची जी जीप येणार होती, ती ऐनवेळी चालूच होईना, एसटीही गेलेली. लीलाबाई चाचांच्या दारात आल्या. चाचांनी काही न विचारता किल्ली घेतली.

ऋषिराजने आपली मोठी बॅग मागे बांधली. ती माझ्यावर लोंबायला लागली तशी चाचांनी ती सोडायला लावून टाकीवर पुढे घेतली. आभाळ भरलं होतं म्हणून घातलेल्या रेनकोटचा घोळही त्याला मांडीखाली दाबून बसायला सांगितला, म्हणजे तो माझ्यावर येणार नाही. ऋषिराजला हे सगळं उगाच वेळ घालवणं वाटत होतं.

पुसेगाव सोडलं आणि अवकाळी पाऊस आला. घाट उतरेपर्यंत अंधारही पडला. साखर कारखान्यांचे हंगाम सुरू होते. उसाच्या ट्रॅक्टरांच्या चाकांचा चिखल डांबरावर पसरून लोण्यासारखा झाला होता. चाचांनी वेग अजून कमी केला. समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आले की ते डावीकडच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवत. ब्रेक एकदम दाबत नव्हते, दोन्ही मिळून हलके दाबत. मागून येणाऱ्यांना ते मी आधीच सांगत होतो.

कोरेगाव मागे पडलं तेव्हा ऋषिराजला राहवेना.

"आवं चाचा, जरा वढा की. गाडी चुकंल माजी."

चाचांनी वेग तोच ठेवला. मग म्हणाले, "ऋषी, मला जेवढं दिसतंय, तेवढ्यात माजी गाडी थांबली पायजे. त्याच्या म्होरं मी पळवत न्हाई. चुकली तर चुकंल."

ऋषिराज मागे सरकून बसला. रागावला असावा.

आणि एक वळण घेतल्यावर चाचांनी ब्रेक दाबला. मी उजळलो. गाडी थोडी सरकली आणि थांबली. पुढे काय आहे ते मला दिसत नव्हतं, पण दोघांचाही श्वास मला ऐकू आला. मग त्यांच्या बोलण्यातून कळलं, रस्त्यातच उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. तिला मागे एकही दिवा नव्हता. उसाची टोकं चाचांच्या हँडलपासून चार हातांवर होती. ऋषिराज म्हणत होता त्या वेगाने आलो असतो, तर आज ही गोष्ट सांगायला मी नसतो.

ट्रॉलीचं चाक निखळलं होतं. चालक ज्ञानू चाकाशी वाकून बसला होता. दिव्याची वायर हंगाम लागल्यापासून तुटलेली होती आणि उद्या जोडू, उद्या जोडू म्हणत राहून गेली होती, असं त्याने खाली मान घालून सांगितलं. दुसऱ्या ट्रॅक्टरवाल्याला त्याने फोन केला होता.

बाजूने जाण्याएवढी वाट होती. स्टेशन फार लांब नव्हतं. निघालो असतो तर गाडी मिळाली असती.

चाचा म्हणाले, "मागनं येणाऱ्याला ही दिसायची न्हाई रं. मी थांबतो. तुला कुनाची गाडी घावली तर तू जा. तुजी नोकरी हाय."

ऋषिराज पावसात उभा राहिला. त्याने घड्याळ पाहिलं. मग टाकीवरची बॅग उघडून टॉर्च काढली आणि आलो त्याच वाटेने वळणाकडे चालू लागला. त्याची पाठ मला लांबपर्यंत दिसत होती. चुकणारी गाडी त्याने मनातून सोडून दिली ती त्याच क्षणी.

चाचांनी गाडी ट्रॉलीमागे पन्नास पावलं आणून रस्त्याच्या अगदी कडेला लावली. इंजिन चालू ठेवलं. मला पंच्याने पुसलं. स्वतः खाली मातीत उभे राहिले आणि हात लांब करून ब्रेक दाबायचा, सोडायचा, असं सुरू केलं. मी मोठा होत होतो, बारीक होत होतो, पुन्हा मोठा होत होतो. दोन मोटारसायकली आल्या, हळू झाल्या, बाजूने गेल्या. एक टेम्पो थांबून गेला.

मग वळणावर दोन मोठे दिवे आले. एसटी होती, गच्च भरलेली आणि उताराच्या जोरात. ऋषिराजची टॉर्च जोरजोराने हलली. बसचे दिवे तरी वाढतच होते. मित्रांनो, मी तेव्हा पळू शकत नव्हतो आणि डोळेही मिटू शकत नव्हतो. चाचांच्या बोटांनी दाबलं की पेटायचं, एवढंच माझ्या हातात होतं. बसचालकाने मला पाहिलं. ब्रेक लागले, चिखलात बस सरकत आली, तिरकी झाली आणि माझ्यापासून वीसेक पावलांवर थांबली.

आत एक लहान मूल रडायला लागलं.

चालक खाली उतरला. ट्रॉलीपर्यंत जाऊन आला. नंतर माझ्यापाशी थांबून त्याने नुसता हात ठेवला. त्याने बसचे चारही इंडिकेटर लावले आणि दुसरा ट्रॅक्टर येऊन ट्रॉली कडेला ओढेपर्यंत बस तिथेच उभी ठेवली. एकाही प्रवाशाने तक्रार केली नाही. निघताना ऋषिराजला त्याने आपल्या शेजारी बसवून साताऱ्याला नेलं.

सव्वाआठची गाडी अर्थातच गेली होती. ऋषिराज स्टेशनवरच झोपला आणि सकाळच्या गाडीने गेला. तिकडे पोचल्यावर त्याने फोन केला. उशिरा हजर झाला म्हणून आठ दिवस जादा ड्युटी लागली होती. चाचांना वाईट वाटलं. तो म्हणाला, "लय सोपी ड्युटी हाय, चाचा. हितं पाऊस न्हाई."

पुढच्या बाजाराला ज्ञानू वडूजला आला. चाचांच्या दुकानासमोर त्याने ट्रॉलीची पाठ करून दाखवली. दोन लाल दिवे आणि चमकणाऱ्या पट्ट्या. चाचांनी त्याला चहा पाजला.

या उन्हाळ्यात माझा रंग विटून गुलाबी झाला आणि कडेला चीर गेली. चाचांनी मला काढून नवा दिवा बसवून घेतला. मला त्याचं दुःख नाही. मित्रांनो, माझं एवढं ऐका. गाडी काढण्याआधी एकदा मागे जाऊन दिवा पुसा, ब्रेक दाबून बघा. त्याच्यावर बॅग येऊ देऊ नका. आणि दिवा विटला असेल तर माया करत बसू नका, बदला. पाऊस थांबेना तर तुम्ही थांबा. ज्यांनी मला सोललं, पुसलं, जोडलं, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

अर्शियाने मला टाकू दिलं नाही. तिने मला रस्त्याकडच्या खिडकीत ठेवलं आहे. आज पहाटे पाऊस होता. चाचा आटपाडीच्या बाजाराला निघाले. अर्शियाची आई मेहरुनबी आणि लीलाबाई दारात उभ्या होत्या. गाडी अंधारात गेली. चाचा दिसेनासे झाले, गाडी दिसेनाशी झाली, लाल ठिपका मात्र राहिला.

"पार कॅनॉलपातूर दिसतोय की गं," लीलाबाई म्हणाल्या.

मीही बघत होतो. इतकी वर्षं त्या जागी मी होतो, पण मी इतक्या लांबून दिसतो, हे मला माहीतच नव्हतं.