बर्फाच्या रानात तपकिरी खुर्ची

खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात अडकली होती आणि ड्वेन ओट्याला टेकून आम्हा दोघींना सूचना देत होता.

“डावीकडून उचल. तुझं डावं, डार्ला. चौतीस वर्षं धान्याच्या कोठारावर ट्रकवाल्यांना गाडी मागे घ्यायला शिकवलं मी. एवढा गोंधळ कुणी घातला नाही.”

“तू बोलू नकोस, दम लागेल,” त्याची बायको लव्हॉन म्हणाली.

“दम उरलाय कुठे लागायला?”

त्याच्या नाकात नळी होती आणि नळीचं दुसरं टोक पायाशी घुमणाऱ्या ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेलं होतं. चौतीस वर्षांची मक्याची आणि सोयाबीनची धूळ छातीत बसली होती. त्याला आडवं झोपता येत नसे, गुदमरायला होई. दोन वर्षं तो याच रिक्लायनरमध्ये बसून झोपत होता. तपकिरी खुर्ची, एका हाताचं रेक्झिन फाटलेलं, त्यावर करडी चिकटपट्टी. ती खुर्ची म्हणजेच त्याचा पलंग होता, आणि ती आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, गुरुवारी, गॅरेजमध्ये ढकलत होतो.

ढकलली शेवटी. बर्फ उडवायचं यंत्र आणि भिंतीशी रचलेले सजावटीच्या सामानाचे प्लास्टिकचे डबे यांच्यामध्ये ती बसली. डब्यांवर लव्हॉनच्या सुबक अक्षरात चिठ्ठ्या होत्या: ‘सप्टेंबर – गंजकट’, ‘ऑक्टोबर – भोपळे, खरे वाटणारे’, ‘ईस्टर – फिकट पिवळा’. असे एक्केचाळीस डबे. ड्वेन हळूहळू चालत आला, खुर्चीत बसला, शिकारीचा जाड कोट गळ्यापर्यंत ओढला आणि म्हणाला, “बरंय. इथे मी कुठल्या महिन्यात आहे ते तरी लगेच कळतं.”

इलेक्ट्रिक हीटर होता. पण ऑक्सिजनजवळ हीटर ठेवायचा नाही, असं नर्सने बजावून सांगितलेलं. म्हणून तो दहा फुटांवर, मोटारीच्या पलीकडे ठेवला. मोटारीचं डावं चाक छान उबदार झालं.

लव्हॉन दुष्ट बाई होती असं कुणाला वाटेल, म्हणून आधी सांगते. मी तिला तीस वर्षं ओळखते, आमची घरं समोरासमोर. ती कापडाच्या दुकानात बावीस वर्षं काउंटरला होती. दुसऱ्यांच्या पडद्यांची आणि अभ्र्यांची कापडं तिनं कापली, आणि उरलेल्या तुकड्यांतून स्वतःचा हॉल महिन्यामहिन्याला नवा केला. शरदात विटकरी आणि मोहरीचा रंग, वसंतात कोवळा हिरवा. उन्हाळ्यात समुद्र: शिंपले, दोरखंडाच्या चौकटीचा आरसा, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या उशा. आमच्या गावापासून समुद्र सातशे मैल. ड्वेन रोज संध्याकाळी खुर्चीत बसताना विचारायचा, “भरतीची वेळ काय आज? पाय वर घेऊन बसू का?” ती चिडायची, आणि ती चिडावी म्हणूनच तो विचारायचा. डिसेंबरात मात्र ती लाल-हिरवं वापरत नसे. “लाल-हिरवा हा आळशी बायकांचा नाताळ,” म्हणायची. तिचा डिसेंबर पांढरा, रुपेरी आणि पुसट निळा असे.

आमच्याकडे दर नाताळाला वाचनालयाच्या मदतीसाठी घरं बघायची सहल निघते. तिकीट काढायचं, बुटांवर कागदी पिशव्या चढवायच्या आणि गावातली सजवलेली पाच घरं रांगेनं बघत फिरायचं. शेवटी मत टाकायचं. एकोणीस वर्षं लव्हॉन समितीला अर्ज देत होती. एकोणीस वर्षं समिती तिला लिहून कळवत होती की यंदा जागा भरल्या. जागा मेपल रस्त्यावरच्या डॉक्टर, वकील, बँकवाल्यांच्या घरांनी भरत. लव्हॉनचं घर रेल्वेरुळांच्या अलीकडे, बसकं, तीन खोल्यांचं. मी त्या समितीवर होते. ती पत्रं मीच टाइप करत असे.

यंदा दंतवैद्याच्या घरी पाइप फुटला आणि पाचवं घर गळालं. आयत्या वेळी दुसरं कुणी मिळेना, म्हणून पॉला ऑस्टरमन आणि मी लव्हॉनकडे गेलो. पॉला समितीची अध्यक्ष.

आमच्या भागात कुणी कुणाला वाईट बोलत नाही. वाईट बोलायचं असेल तर कौतुक करतात. पॉला हॉलच्या मधोमध उभी राहिली. कापसाचा बर्फ, भूर्जाची खोडं, भिंतीतल्या शेकोटीच्या फळीवर पांढरी हरणं, आणि मध्ये ड्वेन, त्याची नळी, त्याची खुर्ची. लव्हॉन अॅप्रनला हात पुसत उभी होती. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

“किती मेहनत गं,” पॉला म्हणाली. “आणि ही खुर्ची. किती वेगळं व्यक्तिमत्त्व आहे हिला.”

“माझी आहे,” ड्वेन म्हणाला.

“दिसतंच आहे. हो ना, डार्ला? लोकांच्या नजरेत भरेल अगदी.”

लव्हॉन काय समजायचं ते समजली. तिनं खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मी, जी तिची मैत्रीण, जिला गप्प बसता आलं असतं, ती म्हणाले, “गॅरेजमध्ये हीटर आहे ना तुमच्या?”

बोलले ते मी. पॉला नाही, लव्हॉन नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ड्वेननं लव्हॉनकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, फरशीवरचा कापूस पायानं सारखा करत होती. “शुक्रवारी पेपरवाल्यांचे फोटो, शनिवार-रविवार लोक,” तो म्हणाला. “तीन-चार दिवस. काय फरक पडतो? हिनं एकोणीस वर्षं वाट बघितलीय.”

शनिवारी दहा वाजता दार उघडलं आणि रांग पार रुळांपर्यंत गेली. मेपल रस्त्यावरच्या बायका निळ्या कागदी पिशव्या घालून त्या हॉलमध्ये शिरल्या आणि बोलायच्या थांबल्या. खोटं का सांगू, मीही थांबले होते. छतापासून पातळ पांढरं कापड सोडलेलं, त्यामागे बारीक दिवे. खुर्चीच्या जागी पांढरी मेंढीची कातडी आणि त्यावर बसलेलं हरीण. त्या खोलीत शिरलं की माणूस हळू बोलायला लागे. लव्हॉन सफरचंदाच्या गरम सायडरचा ट्रे घेऊन शेकोटीशी उभी होती. पासष्ट वर्षांची बाई, पण शाळेत बक्षीस घ्यायला उठलेल्या पोरीसारखी ताठ.

माझी नेमणूक स्वयंपाकघरात होती, गॅरेजच्या दारासमोर. कुणी चुकून ते दार उघडू नये म्हणून. दारापलीकडे मशीन घुमत होतं आणि टीव्हीवर बारीक आवाजात फुटबॉल चालू होता.

बाराच्या सुमारास लॉइड आला. कोठारावर ड्वेनबरोबर सत्तावीस वर्षं काम केलेला माणूस, सजावटीतलं त्याला ओ की ठो कळत नाही. टोपी काढून, बुटांवर त्या निळ्या पिशव्या चढवून तो त्या पांढऱ्या खोलीत अवघडून उभा होता. हातात खारवलेल्या शेंगदाण्यांचा डबा.

“छान केलंयस, लव्हॉन,” तो म्हणाला. “ड्वेन कुठेय?”

लव्हॉनच्या एका बाजूला पॉला होती, दुसऱ्या बाजूला पेपरची बाई वही घेऊन उभी. आसपास पंधरा-वीस जणी. आजारी नवऱ्याला डिसेंबरात गॅरेजमध्ये बसवलंय, हे तेवढ्यांच्या समोर ती कशी सांगणार?

“टॅमीकडे,” लव्हॉन म्हणाली. टॅमी त्यांची मुलगी, दोन तासांवरच्या शहरात राहणारी. “टोलेडोला नेलंय तिनं गुरुवारी. म्हटलं, एवढ्या गर्दीत त्याला कशाला त्रास.”

“किती विचार करतेस गं त्याचा,” पॉला म्हणाली.

लॉइडचा चेहरा उतरला. “मग हा डबा ठेव. त्याला सांग मी येऊन गेलो. तिकीट काढून आत आलो म्हणावं, हसेल.”

माझ्या पाठीमागे टीव्ही बंद झाला.

मी दाराच्या मुठीवर हात ठेवला होता. फिरवायची होती फक्त. लॉइड माझ्यापासून दहा पावलांवर होता. पण पेपरची बाई लिहीत होती, आणि लव्हॉननं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी हात काढून घेतला. लॉइड गेला. त्याच्या ट्रकचा सायलेन्सर फुटका आहे, सगळ्या गावाला तो आवाज ओळखू येतो. तो गॅरेजवरून लांब जाईपर्यंत ऐकू येत राहिला.

रविवारी पाचला निकाल लागला. लव्हॉनचा पहिला नंबर आला, आणि तोही थोड्याथोडक्या फरकानं नाही. पॉलानं दारावर निळी फीत लावली, आणि लव्हॉन रडली. मग डोळे पुसून तिनं गॅरेजचं दार उघडलं. मी मागे होते. आतली हवा पायाला बोचत होती. ड्वेन कोट, टोपी, दोन पांघरुणं घेऊन बसला होता, आणि खोकत होता. खोकला गुरुवारी नव्हता.

“पहिला नंबर, ड्वेन.”

“यायलाच हवा होता. त्या पांढऱ्यानं जिंकणार, मला आधीच माहीत होतं.” मग पांघरूण सारखं करत, “लॉइड आला होता का?”

“आला होता,” लव्हॉन म्हणाली. “मी म्हटलं, तू झोपलायस. हे शेंगदाणे दिलेत त्यानं.”

ड्वेननं डबा घेतला आणि मांडीवर ठेवला. “बरं केलंस,” म्हणाला.

“चल, खुर्ची आत घेऊ. डार्ला आहेच.”

तेवढ्यात पॉला स्वयंपाकघरात आली. गॅरेजमध्ये कोण बसलंय ते तिला दिसलं, आणि तिनं ते पाहिलं नाही असं दाखवलं. “लव्हॉन, घरसजावटीच्या मासिकाच्या बाईंशी बोलले मी. बुधवारी फोटोवाला पाठवतायत. आहे तसंच ठेवशील ना? काही हलवू नकोस हं.”

लव्हॉननं नवऱ्याकडे पाहिलं. “बुधवारपर्यंतच, ड्वेन. तीन दिवस. अजून एक पांघरूण आणते.”

“आण,” तो म्हणाला.

सोमवारी त्यानं स्वतः टॅमीला फोन केला. मंगळवारी सकाळी ती आली, लहान गाडी घेऊन. गॅरेजमध्ये शिरली आणि तिथंच उभी राहिली. “आई, हे काय आहे?”

“आईला काही बोलू नकोस,” ड्वेन म्हणाला. त्याला एका वाक्यात तीनदा थांबावं लागलं. “मला टोलेडो बघायचंय, म्हणून चाललोय.”

मशीन गाडीत बसलं, पिशवी बसली, ड्वेन बसला. खुर्ची बसेना. मागची सीट पाडून बघितली, डिकी उघडी ठेवून बघितली.

“खुर्चीशिवाय झोपणार कसा तू?” टॅमी म्हणाली. “थांब, लॉइडकाकांना फोन करते. ट्रक आहे त्यांचा, दोन तासांत आणून टाकतील.” तिनं फोन काढला.

“नको,” ड्वेन म्हणाला. “लॉइडला वाटतंय मी गुरुवारपासून तिकडेच आहे.”

टॅमीला काही कळलं नाही. लव्हॉन मोटारीच्या दाराला धरून उभी होती, तिचा चेहरा तिच्या पडद्यांइतका पांढरा झाला. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ड्वेननं तिचा हात थोपटला, जरासा, आणि काच वर केली.

बुधवारी फोटोवाला आला. फोटो सुंदर आले.

टॅमीच्या सोफ्यावर उशा रचून ड्वेन अकरा रात्री बसून झोपला, झोपला म्हणायचं एवढंच. उशा निसटायच्या, तो घसरायचा, टॅमी उठून बसवायची. खोकला छातीत उतरला होता. नाताळाच्या पाच दिवस आधी तो इस्पितळात गेला. तिथं मागून उचलता येणारा पलंग असतो. पण तिथं तो एकच दिवस होता.

अंत्यविधीची प्रार्थना आमच्या चर्चमध्ये झाली. नंतर तळघरात हॅमचे सँडविच आणि बटाट्याचं सॅलड ठेवलं होतं. सॅलड मी केलं होतं. लव्हॉन काळ्या पोशाखात टेबलाशी उभी होती आणि लोक रांगेनं येऊन भेटत होते. पॉला येऊन म्हणाली, किती धीराची आहेस गं. मग लॉइड आला. त्यानं कोट घातला होता, बाह्या आखूड होत होत्या.

“एकच चांगलं झालं बघ,” तो म्हणाला. “शेवटचे दिवस लेकीकडे काढले त्यानं. तू त्याला वेळेवर पाठवलंस. इथली थंडी, ती गर्दी... दुसऱ्या कुणी एवढा विचार केला नसता.”

मी लव्हॉनकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. मला असंही वाटलं, की ती नाही सांगणार तर मी सांगेन.

“हो,” लव्हॉन म्हणाली. “तिकडे त्याला ऊब होती.”

लॉइडनं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तो रडू लागला. तिनं हात सोडवून घेतला नाही. मी शेजारी सॅलडचं भांडं घेऊन उभी होते. थोड्या वेळानं मी त्याला विचारलं, वाढू का थोडं.