बिनअस्तराचा झेंडा

मी एक जुना झेंडा आहे. जुना आणि एका कोपऱ्यातून जळलेला. एका बाजूने मी ह्या देशाचा आहे आणि दुसऱ्या बाजूने, ज्या परक्यांनी ह्या देशावर राज्य केलं, त्यांचा. मला दुतोंडी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मित्रांनो. त्याहून वाईट शिव्या मी भरल्या मैदानात खाल्ल्या आहेत.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. खाली दुकान, वर घर. दुकानात दोन भाऊ काम करत. धाकटा मशीनवर बसायचा आणि थोरला इस्त्रीच्या टेबलाशी उभा असायचा. खरं तर शिवणात थोरल्याचाच हात जास्त चांगला होता, पण त्याचा उजवा खांदा कायमचा कामातून गेला होता. परक्यांचं राज्य असताना तो चोरून ह्या देशाचे झेंडे शिवायचा. एकदा पकडला गेला. परक्यांच्या शिपायांनी त्याला कवायतीच्या मैदानात खांबाला बांधलं आणि चाबकाने फोडून काढलं. तेव्हा त्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. त्यानंतर ऐन उन्हाळ्यातसुद्धा त्याने चारचौघांत कधी सदरा काढला नाही.

धाकट्याला एकच मुलगी होती. ती ड्रम वाजवायची. ड्रम नसले तर डबे, टेबल, कठडा, जे हाताला लागेल ते बडवायची. म्हणून थोरल्या काकाने तिचं नाव धडाम ठेवलं. तिच्यावर दिवसभर खेकसायचा तो, आणि तिचे पहिले ड्रम डाव्या खांद्यावर घेऊन जिना चढला तोही तोच. त्याला स्वतःचं मूल नव्हतं. धडाम म्हणजे त्याचा जीव की प्राण होती.

एकदा परक्यांच्या देशातला एक नावाजलेला रॉक बँड इथे यायचा ठरला. त्यांच्या आधी धडामचा बँड वाजवणार होता. कार्यक्रम होता त्याच जुन्या कवायतीच्या मैदानात. त्यांच्या गायकाची एक सवय होती. ज्या देशात जाईल तिथला झेंडा तो शेवटच्या गाण्याला हातात घ्यायचा. धडामच्या डोक्यात त्यावरून एक कल्पना आली.

"बाबा, एकच झेंडा शिवा. एका बाजूला आपला, दुसऱ्या बाजूला त्यांचा. म्हणजे कुणी वर नाही, कुणी खाली नाही."

"आणि हे तुझ्या काकाला सांगणार कोण?"

"तुम्ही."

"मी? मला अजून थोडं जगायचंय गं!"

"मला सगळं ऐकू येतंय," टेबलापासून थोरला गरजला. "कान फोडले नव्हते त्यांनी."

"काका, ह्या बँडमधली पोरं तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती."

"माझी पाठ जन्मली होती ना! ते फडकं माझ्या टेबलावर चढणार नाही, सांगून ठेवतो. आणि मी तुझ्या त्या कार्यक्रमालाही येणार नाही."

फडकं! मला अजून टाकेही पडले नव्हते आणि माझी किंमत झाली होती. त्यामुळे माझ्यावरून इस्त्री फिरलीच नाही. चुरगळलेल्या अंगानेच मी शिवला गेलो. आमच्या बाजूला पांढऱ्यावर हिरवं झाड, त्यांच्या बाजूला पिवळ्यावर काळी तलवार. असे दोन झेंडे पाठीला पाठ लावून शिवायचे तर मध्ये जाड अस्तर घालतात. पण धडाम म्हणाली की जड होईल, फडफडणार नाही. धाकट्याने मला दुकानाच्या दारात धरून पाहिलं. पलीकडचं काही दिसलं नाही. त्याने अस्तर गाळलं. जन्मभर त्याने झेंडे शिवले ते उघड्यावर, उन्हात लावायला. स्टेजवर मोठे दिवे पाठीमागून लागतात हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदान गच्च भरलं होतं. धडामने असं काही वाजवलं की तिच्याच बँडची पोरं वाजवायचं सोडून तिच्याकडे बघत राहिली. पाहुण्या गायकाने मला उलटसुलट पाहिलं, गालाला लावलं आणि शेवटच्या गाण्याला, स्टेज अंधुक असतानाच, धडामला खुणेने पुढे बोलावलं. दोघांनी मला एकेका टोकाला धरून उंच उचललं. झाडाची बाजू लोकांकडे होती. मी चांगला लांबरुंद होतो. माझ्यामागे ती बुटकी पोर पार झाकून गेली. समोरून तिची फक्त बोटं दिसत होती.

आणि मागचे दिवे लागले.

काळी तलवार पांढऱ्यातून आरपार उमटली. बरोबर झाडाच्या बुंध्यावर, आडवी. समोरच्या हजारो लोकांना एकच गोष्ट दिसली, की परक्यांची तलवार आपलं झाड कापते आहे. मला धरणाऱ्यांना ह्याचा पत्ताच नव्हता. ते मागे उभे राहून हसत होते.

मग स्टेजपुढच्या कठड्यापासून एक आवाज आला. "ओढा त्याला खाली! ह्याच मैदानात? पुन्हा ह्याच मैदानात?"

तो आवाज मी ओळखला, मित्रांनो. थोरल्याचा होता. दाढी करून येतो असं घरी सांगून तो गुपचूप पुतणीचं वाजवणं ऐकायला आला होता. त्याला मी दिसलो. माझ्यामागे कोण आहे ते दिसलं नाही.

मग जे सुरू झालं त्याला काही धरबंध राहिला नाही. बाटल्या आल्या, खुर्च्या आल्या. लोकांनी कठड्याचे गंजलेले गज उपटले. एक बाटली गायकाच्या कपाळावर फुटली आणि त्याच्या माणसांनी त्याला ओढत मागे नेलं. पळायचं सोडून धडाम तिथेच उभी राहिली, येडी पोर! तिला वाटलं लोकांचा गैरसमज झालाय. "अहो, दुसरी बाजू बघा!" असं माझ्याआडूनच ओरडत तिने मला फिरवलं. आता लोकांसमोर तलवारच उघडी आली. अरे देवा! मला जीभ असती तर मी किंचाळलो असतो.

लोक स्टेजवर चढले. कुणीतरी माझ्या कोपऱ्याला काडी लावली. एक गज धडामच्या गुडघ्यावर बसला आणि ती कोसळली, आणि मी तिच्यावर पडलो, डोक्यापासून पायापर्यंत. मग ते मला मारू लागले. गजांनी, बुटांनी, माइकच्या दांड्याने. माझा जळता कोपरा त्या बुटांखालीच विझला. मला मारत होते ते! मी कापड. मला काय लागणार? सगळं खाली तिलाच लागत होतं.

तिचा एक हात माझ्याबाहेर आला. मुठीत अजून ड्रमची काठी होती. ती काठी थोरल्याने पाहिली.

"धडाम!" तो असा ओरडला की माझे टाके हलले. ज्या गर्दीला त्याने पेटवलं होतं तिलाच तो आता ढकलत, चावत, लाथा मारत वर आला. "थांबा! अरे, माझी पोर आहे ती! माझी पोर आहे!"

"गद्दार! त्यांचा झेंडा वाचवतोय," कुणीतरी म्हणालं, आणि पहिला गज त्याच्या त्याच मोडक्या खांद्यावर पडला. तो माझ्यावर पालथा पडला, हातपाय पसरून. त्याचा सदरा फाटला. चाबकाचे ते जुने वळ सगळ्या मैदानासमोर उघडे पडले. ज्यांनी ते पाहिले त्यांच्यातला एक जण हातातला गज टाकून रडायला लागला. बाकीचे थांबले नाहीत. थोरला खाली तोंड करून सारखा म्हणत होता, "श्वास घे, पोरी. श्वास घे." मग त्याचं बोलणं बंद झालं. त्याचं ऊन ऊन रक्त माझ्या दोन्ही बाजूंना झिरपलं.

धडाम वाचली. दुसऱ्या दिवशी हात प्लास्टरमध्ये आणि भुवईला टाके अशी ती दुकानात काकाच्या उशाशी बसली होती. थोरल्याला सतरंजीवर ठेवलं होतं आणि मी शेजारीच पडलो होतो. तेवढ्यात वस्तीतला पुढारी चार माणसं घेऊन आला. त्याने डोळे पुसले आणि हात जोडले.

"थोरले आपले हुतात्मा आहेत," तो म्हणाला. "ह्या झेंड्याची आपली बाजू उसवून द्या. तिच्यात गुंडाळून नेऊ त्यांना. मैदानाला त्यांचंच नाव देऊ."

धाकट्याला रडण्यातून काही सुधरत नव्हतं. त्याने मला ओढून घेतलं आणि कात्री उचलली.

"बाबा, ठेवा ती," धडाम म्हणाली. मग पुढाऱ्याकडे वळली. "तुम्ही काल कुठे होतात?"

"मैदानातच होतो, बाळा. अगदी पुढे."

"म्हणजे काकांची पाठ पाहिली असेल तुम्ही."

त्याने उजवा हात हळूच मागे घेतला. धडाम लंगडत उठली, तिने तो हात धरला आणि उलटा केला. तळव्याची कातडी सोलून निघाली होती. गंजाची तपकिरी रेघ अजून तशीच होती.

"ह्या हाताने तुम्ही माझ्या काकाला खांदा देणार?" तिने विचारलं.

बरोबरची माणसं एकेक करत पायरी उतरून गेली आणि शेवटी पुढारीही गेला. थोरल्याला साध्या पांढऱ्या कापडात नेलं. मला कुणी उसवलं नाही.

मित्रांनो, असल्या गोष्टीच्या शेवटी आम्ही झेंडे म्हणतो की आम्हाला जमिनीवर पडू देऊ नका, आमची घडी नीट घाला. मी तसलं काही मागणार नाही. माझ्याने फरशी पुसलीत तरी चालेल. थोरल्याचा राग खोटा नव्हता. त्या वळांवर मी पडून होतो, मला ठाऊक आहे. परक्यांनी त्या वळांबद्दल माफी कधी मागितली नाही आणि मीही त्यांना माफ केलेलं नाही. पण हात उगारायच्या आधी एकदा, फक्त एकदा, मला बाजूला सारा आणि मागे कोण उभं आहे ते बघा. थोरल्याने ते बघितलं, पण ओरडून झाल्यावर.